स्तनदा मातेचे अंतर्वस्त्र : सोय, माप आणि खर्च

(आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)

गरोदर स्त्रीचा आहार, प्रसूतीनंतरची काळजी, बाळाचे वजन, लसीकरण या विषयांवर या वर्गात आपण पुष्कळ ऐकले आहे. आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे तिच्यासाठी आपल्या नोंदवहीत रकाना नाही, आणि घरोघरी हिंडताना तिचा विषय आपण स्वतः होऊन सहसा काढीतही नाही. ती वस्तू म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईने आत घालावयाचे वस्त्र. त्याला कोणी ब्रेसियर म्हणतात, कोणी ब्रा म्हणतात, तर जुन्या पिढीतील स्त्रिया बॉडीस म्हणतात. विषय लहान आहे, काहींना तो संकोचाचाही वाटेल. परंतु दुखऱ्या छातीमुळे बाळाला पाजणे ज्या आईला नकोसे होऊ लागते, तिच्या दृष्टीने तो लहान नसतो.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतील सुमारे ६४ टक्के बालकांना केवळ आईचेच दूध मिळत असल्याचे आढळले. म्हणजे तीनांतील जवळजवळ एका बाळाला या काळातही पाणी, वरचे दूध किंवा अन्य काही दिले जात होते. याची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व कपड्यांशी निगडित नाहीत, हे उघडच आहे. तथापि स्तनांचे दुखणे आणि ‘मला दूध पुरत नाही’ ही शंका ही दोन कारणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि या दोहोंशी आजच्या विषयाचा जवळचा संबंध आहे.

प्रथम शरीरातील बदल लक्षात घेऊ. गरोदरपणापूर्वी स्तनाचे वजन साधारणतः २०० ग्रॅमच्या आसपास असते. पाजण्याच्या काळात ते ६०० ते ८०० ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते. त्या वेळी स्तन एकाएकी भरतात, जड व टणक होतात. पुढे काही आठवड्यांत बाळाची मागणी आणि आईचा पान्हा यांचा मेळ बसतो व हा ताण ओसरतो. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. दिवसाला दहा वेळा असा हिशेब धरला तरी सहा महिन्यांत आईला आपले वस्त्र सुमारे १,८०० वेळा उघडावे आणि मिटावे लागते, तेही बहुधा एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. एकीकडे वाढलेला व सतत कमीअधिक होणारा भार, आणि दुसरीकडे इतक्या वेळा होणारी उघडझाप. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की वस्त्र कसे असावे याची बहुतेक उत्तरे आपोआप मिळतात.

परंतु त्याआधी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, ब्रेसियर घातल्यावाचून पाजणे योग्य नव्हे. हे खरे नाही. आपल्या देशातील असंख्य मातांनी ते वस्त्र कधीच न वापरता अनेक मुलांना पाजून वाढविले आहे. दूध तयार होते ते बाळाच्या चोखण्याने आणि स्तन रिता होण्याने. त्यासाठी कोणत्याही वस्त्राची गरज नाही. स्तनाच्या आकारावरही दुधाचे प्रमाण अवलंबून नसते. ज्या स्त्रीला आधाराविना बरे वाटते तिला तो घेण्याची सक्ती आपण करू नये. ज्या स्त्रीला भाराने खांदे-पाठ दुखते, चालताना ओढ बसते, दूध पाझरून कपडे भिजतात, किंवा जिला कामावर जावे लागते, तिच्यासाठी हे वस्त्र सोयीचे आहे. ते आईच्या सोयीसाठी आहे, दुधासाठी नव्हे.

दुसरा गैरसमज असा की, पाजल्याने स्तन ओघळतात आणि घट्ट बांधल्याने ते टळते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचा विचार झाला होता. स्तनांच्या शिथिलतेशी वय, शरीराची स्थूलता, गरोदरपणांची संख्या, मुळातील मोठा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. पाजण्याचा दिसला नाही. तेव्हा या भीतीपोटी कोणी बाळाला पाजण्याचे थांबवू नये, तसेच छाती आवळूनही ठेवू नये.

आवळून ठेवण्यातील धोका थोडा तपशिलाने सांगते. दूध स्तनाच्या सर्व भागांत तयार होते आणि बारीक नलिकांतून पुढे येते. हे भाग अगदी काखेपर्यंत पसरलेले असतात. वस्त्राची कड, तार अथवा शिवण एखाद्या ठिकाणी सतत रुतत राहिली, तर तेथील दूध नीट वाहत नाही, ऊतींना सूज येते आणि एक दुखरी गाठ लागते. पुष्कळदा ही गाठ काखेच्या बाजूस किंवा स्तनाच्या खालच्या अंगाला, नेमकी वस्त्राच्या कडेखाली असते. दुखते म्हणून आई त्या बाजूला कमी पाजते. स्तन भरून राहिला की त्यातील दुधाची निर्मिती शरीर स्वतःच मंद करते. मग ‘दूध आटले’ असा निष्कर्ष निघतो आणि घरात दुधाच्या भुकटीचा डबा येतो. ज्या दुखण्याचे मूळ एका रुतणाऱ्या कडेत होते, त्याची परिणती बाळाचे दूध तुटण्यात होते.

म्हणून अशी तक्रार घेऊन आलेल्या मातेला आपण प्रथम विचारावे : आपण आत काय घालता? ते कोठे रुतते? काढल्यावर अंगावर वळ दिसतात काय? ब्लाउजही पाहावा, कारण गरोदरपणापूर्वी शिवलेल्या ब्लाउजची बगल तितकीच काचते. शिवणीत राखलेली माया उसवून तो सैल करता येतो. स्तनदाहासंबंधी २०२२ साली सुधारलेली वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, अशा वेळी बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावे, गाठ जोराने चोळू वा रगडू नये, थंड पाण्याच्या घडीने सूज उतरू द्यावी आणि मापाचे, आधार देणारे वस्त्र घालावे. ताप आला, त्वचा लाल झाली आणि चोवीस तासांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. गाठ काही आठवडे तशीच राहिली, तरीही ती तपासून घ्यावी. दूध बंद करावयाचे म्हणून छाती कापडाने करकचून बांधण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून दिसते. तिने वेदना वाढते आणि गाठी होतात, म्हणून तिला उत्तेजन देऊ नये.

आता निवडीकडे वळू. खरेदी केव्हा करावी, हा पहिला प्रश्न. पुष्कळ स्त्रिया पाचव्या-सहाव्या महिन्यातच तीन-चार नग घेऊन ठेवतात आणि प्रसूतीनंतर त्यांतील एकही बसत नाही. माझी सूचना अशी की, नववा महिना लागल्यावर एक किंवा दोनच घ्यावेत. ते मऊ, ताणले जाणारे आणि कपात थोडी मोकळीक असलेले असावेत. गरोदरपणाच्या अखेरीस बरगड्यांचा घेर वाढलेला असतो, पुढे तो कमी होतो. म्हणून त्या वेळी सर्वांत सैल हुकावर नीट बसणारे माप घ्यावे, म्हणजे पुढे घट्ट करावयास वाव राहतो. उरलेले नग दूध स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी घ्यावेत. एवढ्या एका गोष्टीनेच वाया जाणारा पैसा वाचतो.

दुसरा प्रश्न मापाचा. आपल्याकडे हे वस्त्र अंदाजाने घेतले जाते, कारण दुकानात बोलण्याचा संकोच वाटतो. पुष्कळदा स्वतः स्त्री जातही नाही. पती अथवा सासू ‘छत्तीस द्या’ म्हणून घेऊन येते. माप घरीच, शिंप्याच्या फितीने घेता येते. फीत स्तनांच्या अगदी खाली, पाठीवर सरळ राहील अशी धरून घेर मोजावा. नंतर स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, न आवळता, दुसरे माप घ्यावे. अनेक भारतीय उत्पादकांच्या कोष्टकात खालच्या मापात चार किंवा पाच इंच मिळवून जी सम संख्या येते तो वस्त्राचा आकडा असतो. आणि वरचे माप त्या आकड्याहून एक इंचाने अधिक असेल तर ए, दोन इंचांनी बी, तीन इंचांनी सी, चार इंचांनी डी असा कप धरतात. उदाहरणार्थ, खालचे माप २९ इंच असेल तर त्यात ५ मिळवून ३४ होतात. वरचे माप ३७ इंच असेल तर फरक तीन इंचांचा, म्हणून ३४ सी. काही उत्पादक मात्र ही मिळवणी करीत नाहीत. यासाठी डब्यावर छापलेले कोष्टक पाहण्याची सवय लावावी. माप शक्यतो बाळाला पाजण्यापूर्वी, स्तन भरलेले असताना घ्यावे.

कपाचे अक्षर आपल्याकडे दुर्लक्षिले जाते आणि दुकानांत बहुधा बी आकाराचाच साठा असतो. पाजत्या आईचा बदल मुख्यतः कपात होतो, घेरात नव्हे. त्यामुळे ३४ बी दाटू लागले म्हणून ती ३६ बी घेते. त्यातला कप थोडा मोठा असतो खरा, पण घेरही सैल होतो. पाठीमागची पट्टी वर चढते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. तिला हवे असते ३४ सी. ते मिळालेच नाही तर ३६ बी घेऊन पाठीची पट्टी थोडी आत शिवून घ्यावी, कारण या दोहोंच्या कपांचे आकारमान जवळजवळ सारखेच असते.

माप बरोबर आहे किंवा नाही हे आकड्यापेक्षा अंगावरच कळते. त्याच्या खुणा सोप्या आहेत. खालच्या पट्टीत दोन बोटे सहज शिरावीत आणि खांद्याच्या पट्ट्याखाली एक. दोन्ही हात वर केले तरी पट्टी जागची हलू नये. मागील बाजू पुढच्या बाजूच्याच पातळीत असावी. कप सुरकुतलेला नसावा, आणि त्याच्या वरून किंवा काखेतून स्तन बाहेर आलेला नसावा. तासाभराने काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसले तर ते वस्त्र घट्ट आहे, मग त्यावर कोणताही आकडा छापलेला असो.

तिसरा प्रश्न बनावटीचा. कापड सुती असावे, कारण आपल्या हवेत घाम आणि दूध दोन्ही शोषले गेले पाहिजे. निव्वळ सुती कापड मात्र धरून ठेवीत नाही. त्यात थोडा ताणला जाणारा धागा मिसळलेला असेल तर ते शरीराच्या बदलांबरोबर सैलावते आणि सावरते. आत फोम भरलेले कप टाळावेत. ते ओले राहतात आणि वाळावयास फार वेळ लावतात. खाली तार असलेले वस्त्र निदान पहिले सहा ते आठ आठवडे घालू नये, कारण भरलेला स्तन आकार बदलीत असतो आणि तार बदलत नाही. खांद्याचे पट्टे रुंद असावेत आणि मागे हुकांच्या तीन-चार रांगा असाव्यात.

उघडण्याच्या रीती अनेक आहेत. कोठे पट्ट्याच्या टोकाशी हुक असून कप खाली उतरतो, कोठे पुढे मध्यभागी हुक असतात, कोठे एकावर एक येणारे दोन पदर नुसते बाजूला सारावयाचे असतात. यांतील कोणती रीत चांगली, हे वरच्या पोशाखावरून ठरवावे. साडीवरील पुढून हुक असलेला ब्लाउज खालचे दोन-तीन हुक काढून वर सारला जातो; तेथे पुढून उघडणारे किंवा पदर सारण्याचे वस्त्र जुळते. महाराष्ट्रातील गाठीच्या चोळीत हीच सोय पुढच्या गाठीने साधलेली होती. सलवार-कमीज वापरणाऱ्या स्त्रीला कमीज खालून उचलावी लागते आणि पट्ट्याच्या टोकापर्यंत हात पोचत नाही. तिला खाली ताणून उतरणारा मऊ कप किंवा सारण्याचे पदर सोयीचे पडतात. डोंगराळ थंड प्रदेशात अंगावर अनेक थर असतात; तेथे पुढून सरळ उघडणारे वस्त्र बरे. रीत कोणतीही असो, दोन कसोट्या लावाव्यात. ते एका हाताने उघडून मिटता आले पाहिजे, आणि उघडल्यावर सबंध स्तन मोकळा झाला पाहिजे. केवळ अग्रापुरते भोक ठेवणारी किंवा उघडल्यावर कड खालून वर दाबणारी बनावट पाजण्याच्या वेळीच दाब देते, म्हणून ती त्याज्य समजावी. बाळ जन्मल्यावर त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवावयाचे असते, तेव्हा तर हे वस्त्र नसावेच. रात्रीही ते काढून ठेवण्यास हरकत नाही. दूध पाझरत असेल तर सैल, मऊ असे काही पुरे.

आता खर्च. ‘पाजणाऱ्या मातांसाठी खास’ अशी चिठ्ठी लागली की त्याच कापडाची किंमत वाढते, आणि लेस व नक्षी असेल तर आणखी वाढते. नक्षीचा पैसा द्यावयाचा किंवा नाही, हे जिचे तिने ठरवावे. सोयीसाठी तो आवश्यक नाही. तीन नग पुरेसे आहेत : एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळून तयार. ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी साध्या वस्त्रात बदल करण्याची युक्ती आहे. बिनतारेचे, सुती, कप एका आकाराने मोठा असलेले साधे ब्रेसियर घ्यावे. पुढे जेथे खांद्याचा पट्टा कपाला जोडलेला असतो तेथील शिवण उसवावी. पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला हुक आणि कपाच्या टोकाला कडी शिवावी. पट्टा पाठीवर घसरून जाऊ नये म्हणून त्याच्या टोकापासून काखेखालच्या पट्टीपर्यंत एक सुती फीत आतून जोडावी. बाजारातील महागड्या नगात याहून निराळे काही नसते. हे काम कोणताही शिंपी अर्ध्या तासात करू शकेल आणि ज्या गावी शिवणवर्ग आहे तेथे ते शिकविताही येईल.

पाझरणारे दूध टिपण्याच्या घड्या तर विकत घेण्याचे कारणच नाही. जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे मऊ कापड घेऊन चार-पाच इंच व्यासाचे गोल कापावेत, चार-पाच थर एकावर एक ठेवून कडेने शिवावेत. मध्ये प्लास्टिक मुळीच घालू नये. घडी ओली झाली की बदलावी, कारण ओलसर कापड सतत लागून राहिले की स्तनाग्राची त्वचा हुळहुळते आणि बुरशीला वाव मिळतो.

याच ओघात धुण्या-वाळविण्याविषयी बोलणे प्राप्त आहे. घराच्या अंगणात सर्वांचे कपडे उन्हात वाळतात. स्त्रीचे अंतर्वस्त्र मात्र न्हाणीघरात, टॉवेलाखाली, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही असे अंधारात लटकते. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस दमट राहते आणि तसेच अंगावर चढते. ज्या वस्त्राला बाळाच्या तोंडी येणारा स्तन चिकटून असतो, ते दमट राहावे हे आरोग्याच्या कोणत्या नियमात बसते? ते साबणाने धुऊन, स्वच्छ खळबळून, उन्हावाऱ्यावर वाळले पाहिजे. कडक उन्हाने लवचीक धागा लवकर झिजतो हे खरे. म्हणून सकाळचे ऊन द्यावे. परंतु उजेड आणि वारा ही त्याची गरज आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. हे आपण सुनेला सांगून भागत नाही. सासूला आणि घरातील पुरुषांनाही सांगितले पाहिजे.

नोकरी वा मजुरी करणाऱ्या मातांचा प्रश्न आणखी निकडीचा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ दिला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तरतूद राखली आहे. परंतु शेतात, वीटभट्टीवर, परक्याच्या घरी काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत हे संरक्षण पोचत नाही. त्या मिळेल त्या क्षणी, मिळेल त्या आडोशाला बाळाला घेतात किंवा भरल्या छातीने संध्याकाळपर्यंत थांबतात. अशा स्त्रीला आवळणारे वस्त्र सर्वांत अधिक त्रास देते, आणि झटकन उघडणारे, भिजले तरी लवकर वाळणारे वस्त्र सर्वांत अधिक उपयोगी पडते. स्वतः पैसे खर्चून ते घेण्याची शक्यताही तिचीच सर्वांत कमी असते.

भगिनींनो, घरात बाळ जन्मले की पाळणा येतो, झबली-टोपडी येतात, बारशाचा खर्च होतो. त्या यादीत आईच्या अंगावरील दोन-तीन सुती वस्त्रांचा समावेश क्वचितच होतो, कारण ती दिसत नाहीत आणि आई मागत नाही. ती मागणार नाही, हे गृहीत धरूनच आपण विचारले पाहिजे. आपल्या पुढील गृहभेटीत नवव्या महिन्यातील स्त्रीपाशी बसाल, तेव्हा आहार आणि गोळ्यांच्या चौकशीनंतर आणखी दोन प्रश्न विचारा : आपण आत घालता ते कोठे काचते काय, आणि ते वाळते कोठे? पिशवीत एक मोजण्याची फीत असू द्या. एवढ्याने सर्व मातांची अडचण दूर होईल असे नाही. परंतु ज्या आईचे दुखणे एका काचणाऱ्या कडेत असेल, तिचे दुखणे त्याच भेटीत ओळखले जाईल, आणि तिच्या बाळाचे दूध विनाकारण तुटणार नाही.